उलटा हात

नाक्यावरच्या पाटीचा लाकडी बाण
आज सकाळी मीच सरकवला,
हिरव्या, निळ्या, पिवळ्या, केशरी फाकेवरून
शेवटच्या लाल फाकेपर्यंत. खिळा गंजलेला,
पान्याचे दोन ठोके द्यावे लागले.
खाली आदेश डकवला :
शेकोटी नाही. कोळसा नाही. उघड्यावर सिगारेट नाही.
दुपारी एकनंतर करवत नाही.
वाळल्या गवतात गाडी उभी करायची नाही.
वाचायला तिथे होतं कोण?
एक खार. आणि वारा,
तो तर तिसऱ्या ओळीपर्यंतही थांबला नाही.

जूनपासून आयडाहोच्या या डोंगरांत टिपूस नाही.
पाइनची सुई वाकवली की कट्कन मोडते.
काटक्या तोलून पाहिल्या, ओल सहा टक्के.
सुताराच्या दुकानातली फळीसुद्धा
याहून ओली असते.

संध्याकाळी वरच्या कुरणातून
धुराचा एक दोरा निघाला, सरळ, शांत.
मला ठाऊक होतं कोणाचा.

पेयो अराम्बिदे, वय एक्याऐंशी,
मेंढ्या बाराशे, कुत्री तीन.
जमिनीत गुडघाभर खड्डा, खड्ड्यात निखारे,
शेजारी झाकणाचं बिडाचं भांडं
आणि त्यात फुगून काठाला आलेलं पीठ.
पाव असाच भाजायचा असतो, मातीच्या पोटात.
पिरेनीजच्या पलीकडून येताना
त्याने एवढंच आणलं होतं.

"एकसष्ट उन्हाळे," तो म्हणाला,
"गवताची एक काडी जळाली नाही माझ्या हातून."
"ठाऊक आहे."
"मग?"

दंडाचं पुस्तक मी गाडीतच ठेवून आले होते.
ते त्यानेही पाहिलं होतं.
मी टोपी काढली, पुन्हा घातली.
तो काही वेळ माझ्याकडे बघत राहिला,
मग कुत्र्यांसाठी चार मैलांवरून आणलेलं पाणी
घागरभर, एका दमात
खड्ड्यात ओतलं.

फस्स झालं. राख उडाली, बसली.
फावड्याने ढवळलं. पुन्हा पाणी. पुन्हा ढवळलं.
मग दोघं गुडघ्यांवर बसलो
आणि उलटे हात चिखलात घातले,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावेत तसे.
तळव्याला घट्टे असतात, तळवा खोटं बोलतो.
"अजून इथे," तो म्हणाला,
आणि खरंच, एका मुळाखाली
बोराएवढी ऊब दडून बसली होती.

भांडं मी घेतलं. मागितलं नाही, त्याने दिलंही नाही,
नुसतं गाडीच्या दिशेला सरकवलं.
त्रेचाळीस मैल ते शेजारच्या सीटवर
पट्टा लावून बसलं होतं.

ठाण्यातल्या विजेच्या भट्टीचा एक कोपरा गरम होतो, एक नाही.
रात्री अकराला पावाचा वास सुटला
आणि त्याच वेळी खिडकी पांढरी झाली.
कोरडं वादळ. थेंब एक नाही.
विजेला पाटी वाचता येत नाही.
वायरलेसवर टेहळणीच्या मनोऱ्यातली कॉर्लिस
नेहमीच्या कंटाळलेल्या आवाजात सांगत होती,
"उत्तरेच्या धारेवर तीन पडल्या.
एकीला धूर आहे.
नाही, थांब,
दोघींना."

पहाटे रस्ता अडवून उभी राहिले.
आधी घंटा ऐकू आल्या, मग खोकला,
मग धुरातून मेंढ्या, राखाडी, एकीमागून एक,
जणू धुरालाच पाय फुटलेत.
सगळ्यांत शेवटी पेयो,
खांद्यावर एक कोकरू, भुवया पांढऱ्याफेक.

पाव पुढे केला.
त्याने आधी उलटा हात लावून पाहिला,
मग मोडला, चावला, बराच वेळ चघळला.
मागे धारेवर
झाडं एकेक करून पेटत होती.

"आतून कच्चा आहे," म्हणाला,
आणि अर्धा काळ्या कुत्रीला दिला,
अर्धा कोटाच्या खिशात घातला.